व्हायोलिनच्या शिकवण्यांवर घर चालेल का?

वडोदऱ्याहून एका आईने लिहिलं आहे: "मुलगा बी.कॉम. झाला, व्हायोलिनमध्ये विशारद आहे. नोकरी नको, शिकवण्या आणि कार्यक्रम करीन म्हणतो. दुपारी बारा वाजता घरीच असतो. यात पोट भरेल का?"

ताई, नमस्कार.

बारा वाजता घरी दिसतो, ही काळजी सोडा. या कामाचा दिवसच उलटा. सकाळी रियाझ, दुपार रिकामी आणि कमाई संध्याकाळी पाच ते साडेआठ, म्हणजे मुलं शाळेतून आली की. काळजी करायची ती या साडेतीन तासांची.

हिशेब मांडून बघा. ४५ मिनिटांची शिकवणी आणि मध्ये १० मिनिटं, अशा घरी बसून रोज ४ होतात. सहा दिवसांच्या २४. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा बोलावलं तर १२ विद्यार्थी. तोच मुलगा मांजलपूर ते समा स्कूटर फिरवत बसला, तर दोन घरांमध्ये अर्धा तास जातो, शिकवण्या ३ होतात आणि विद्यार्थी उरतात ९. हिशेबापुरती महिना १,५०० रुपये फी धरा: घरी १८,०००, दारोदार १३,५००. म्हणजे विद्यार्थ्याच्या घरी जायचं तर २,००० घ्यायला हवेत, पेट्रोल वेगळं. संकोचापोटी दोन्हीकडे एकच फी ठेवली की वर्षभर तोटा.

दुसरा खड्डा गैरहजेरीचा. नवरात्रात नऊ रात्री मुलं गरब्याला, मग दिवाळी, मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात आजोळ. फी दर शिकवणीमागे ठेवली तर हे दिवस कोरडेच. फी महिन्याची आणि आगाऊ घ्यावी. आदल्या दिवशी कळवलं तर महिन्यात एक शिकवणी भरून द्यावी, त्याहून जास्त नाही. तरीही वर्षाचं उत्पन्न दहाच महिन्यांचं धरा.

आता वाद्याचं. पालक "पुढे उपयोगी पडेल" म्हणून आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाचं व्हायोलिन आणतात. करंगळी पोहोचत नाही, खांदा दुखतो आणि मूल सोडून देतं. हात लांब केल्यावर वाद्याचं टोक तळहातात बसलं आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, तर माप बरोबर. या वयाला बहुधा अर्ध्या मापाचं लागतं. स्वस्त वाद्यात तारा पिळायच्या खुंट्या त्रास देतात: पावसाळ्यात फुगून अडकतात, थंडीत सुकून घसरतात. वरचेवर सुरात लावताना घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीचा, माथा पुढे ओढला जातो. ती दोन्ही हातांनी हलकेच सरळ करायला त्याने प्रत्येक पालकाला शिकवावं, नाहीतर एक दिवस घोडी आडवी होते, तारांचा ताण जातो आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातली उभी लाकडी दांडीही पडू शकते. मग कारागिराशिवाय गत्यंतर नाही. तारा बदलायच्या त्याही एकेक करूनच.

कार्यक्रमांचे पैसे घरखर्चात धरू नका. साथीला बोलावलं तर गायकाची पट्टी, म्हणजे तो कोणत्या स्वराला सा धरून गातो ते, आधी विचारायची. सगळ्या तारा ऐन वेळी काळी एकवरून काळी चारपर्यंत, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरून चौथ्या काळ्या पट्टीपर्यंत, चढवल्या की बारीक तार तुटणार. त्यापेक्षा बोटं बदलून वाजवता आलं पाहिजे. हा सराव विशारद झालेल्यांचाही कच्चा असतो. निम्मे पैसे आगाऊ, माइक कोणाचा ते आधी ठरलेलं. आयोजकाने टीडीएस कापला आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर तो रिटर्न भरून परत मागता येतो, बी.कॉम. निदान इथे कामी येईल!

विशारद या संगीत परीक्षेमुळे घरच्या शिकवण्या मिळतील. शाळेत संगीत शिक्षकाची जागा हवी असेल तर मात्र पदवी विचारतात. सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी गावातच आहे, तिथे चौकशी करावी. इंग्रजी शाळांतल्या पालकांना ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या पाश्चात्त्य संगीत परीक्षांच्या ग्रेड हव्या असतात; त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता यायला हवी. ती येत नसेल तर हे विद्यार्थी आत्ताच घेऊ नयेत.

त्याला एक वर्ष द्या, पण सहा महिन्यांत आठ विद्यार्थी टिकले नाहीत तर सकाळची अर्धवेळ हिशेबाची नोकरी धरायची, हे आजच ठरवा. संध्याकाळ मोकळी राहील अशीच.