आधी चित्र बघ

प्रिय,

टॅरोतल्या 'टेन ऑफ सोर्ड्स'ला, म्हणजे दहा तलवारींच्या पानाला, एक पुस्तक विश्वासघात म्हणतं, दुसरं शेवट म्हणतं, तिसरं म्हणतं याहून वाईट आता काही होणार नाही; ताई, यातलं खरं कुठलं? तुझा मुख्य प्रश्न हाच आहे. पण पत्राच्या मध्यात तू जे सहज लिहून गेलीस ते मला जास्त लागलं. रूममेटसाठी पानं मांडलीस, हे पान निघालं, तू म्हणालीस, "कुणीतरी तुझा विश्वासघात केलाय." ती म्हणाली, "नाही गं, असं काहीच झालेलं नाही." आणि तुला पुढे काही सुचेना. मग तू तिच्यासमोरच वही उघडलीस.

मला त्या वहीबद्दलच लिहायचं आहे.

अठ्ठ्याहत्तर पानं, प्रत्येकाखाली तीन-तीन शब्द, सुलट अर्थ निळ्या शाईत, उलट अर्थ लाल. तू त्या वहीचा फोटो पाठवला होतास, मी बघितला. मेहनत दिसते. पण मला एक सांग, ते पान त्या दिवशी तुझ्या हातात होतं, तेव्हा तू त्याच्याकडे किती वेळ बघितलंस? वहीकडे नाही, पानाकडे.

आत्ता काढ ते. पत्र बाजूला ठेव आणि काढ.

एक माणूस पालथा पडलाय, पाठीत दहा तलवारी. एवढं सगळ्यांना दिसतं आणि सगळे इथेच थांबतात. आता आकाश बघ. वर मिट्ट काळोख आहे, पण खाली क्षितिजाला पिवळा उजेड आहे. पाणी बघ. एवढा प्रकार होऊनही त्यावर लाट नाही. आणि आता त्याचा हात बघ, जमिनीवर पडलेला. बोटं कशी ठेवली आहेत? मग 'हायरोफंट' काढ आणि शेजारी ठेव. धर्मगुरूचा आशीर्वादासाठी उचललेला हात आणि या पडलेल्या माणसाचा हात, बोटांची ठेवण तीच. मला हे दिसायला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं मी हे पान लोकांसमोर ठेवत होते आणि 'शेवट, शेवट' म्हणत होते.

तुझ्या रूममेटला तू फक्त विचारलं असतंस, "तुला यात काय दिसतं?" तर कदाचित ती म्हणाली असती, "हा माणूस किती दमलाय." कदाचित म्हणाली असती, "एका तलवारीनं भागलं असतं की, दहा कशाला?" यातल्या कुठल्याही वाक्यापासून पुढे जाता आलं असतं. 'विश्वासघात' या शब्दापासून नाही, कारण तो शब्द तिचा नव्हता, तुझाही नव्हता. तो वहीतला होता.

आधी चित्र बघ. अर्थ नंतर.

तू म्हणशील, पण ज्यांनी हे पत्ते केले त्यांनी अर्थ सांगितलेच असतील ना? सांगितले. आर्थर वेटनं १९०९ साली लंडनमध्ये हा डेक, म्हणजे तुझ्या हातातला पत्त्यांचा संच, काढला आणि १९११ साली चित्रांसकट पुस्तकही दिलं. या पानाचं त्यात त्यानं केलेलं वर्णन एका वाक्याचं आहे: पालथा पडलेला माणूस आणि त्याच्यात घुसलेल्या सगळ्या तलवारी. संपलं. हाताचा उल्लेख नाही, पाण्याचा नाही, उजेडाचा नाही. मग दुःख, अश्रू, आणि हे मुद्दाम हिंसक मृत्यूचं पान नव्हे अशी एक तळटीपवजा ओळ. ज्याचं नाव डेकवर आहे त्यानं चित्राबद्दल इतकं कमी लिहिलंय, कारण चित्र त्याचं नव्हतंच. ते पामेला कोलमन स्मिथनं काढलं.

तिच्याबद्दल तुझ्या कोर्समध्ये कुणी बोललं का? मला वाटत नाही. लंडनमध्ये जन्म, आईवडील अमेरिकन, लहानपणाची काही वर्षं जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनमध्ये. नाटक कंपनीत काम केलेली बाई. रंगमंचावर माणूस कसा उभा राहतो, पाठ फिरवली की प्रेक्षकाला काय कळतं, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिच्या पानापानात आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये तिनं छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला कळवलं की एक मोठं काम नुकतंच संपवलं, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलच्या ब्यूड गावात ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची वेटोळी सही आहे, आद्याक्षरांची. ती शोध. अठ्ठ्याहत्तरही पानांवर शोध, म्हणजे निदान कोपऱ्यापर्यंत तरी तुझी नजर जाईल.

आणि तीही बघूनच शिकली, हे लक्षात घे. तिच्या आधी बहुतेक डेकमधल्या छोट्या, म्हणजे आकड्यांच्या, पानांवर चित्र नसायचंच. पाच पेले म्हणजे पाच पेले, आपल्या इस्पिक-बदामसारखे. एक अपवाद होता, सोला-बुस्का नावाचा पंधराव्या शतकाच्या शेवटचा इटालियन डेक. त्याचे फोटो १९०७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आले. तिथे हृदयात घुसलेल्या तीन तलवारी आहेत, आणि स्मिथची 'थ्री ऑफ सोर्ड्स' बघितली की ती तिथे जाऊन बसली असणार याबद्दल मनात शंका राहत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. त्या जुन्या डेकमध्ये दहा तलवारींचा भारा छातीशी कवटाळून वाकलेला एक माणूस आहे. तो वाकलेला माणूस स्मिथनं उचलला आणि दहा काठ्यांच्या पानावर नेऊन ठेवला. 'टेन ऑफ वाँड्स' बघ, तोच आहे. तलवारींचं चित्र काठ्यांचं झालं. आता मला सांग, मूळ अर्थ, मूळ अर्थ म्हणून तू कुठल्या मुळाशी जाणार?

काठ्यांचंच घे. युरोपात पत्ते पोचले ते इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुकांकडून, चौदाव्या शतकात. त्यांच्या पत्त्यांत पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या होत्या. इटलीत पोलो कुणाला माहीत नव्हता. त्यांना ती नुसती काठी वाटली, पुढे सोटा झाली, दंड झाला, आणि स्मिथच्या हातात त्या काठीला पालवी फुटली. तुझ्या वहीत 'वाँड्स = इच्छाशक्ती, अग्नितत्त्व' असं लिहिलंय. असू दे, उपयोगाचं आहे. पण पालवी बघितलीस का? तोडलेल्या लाकडाला पानं फुटलीत. इच्छाशक्ती हा शब्द विसरलीस तरी चालेल, ती पानं विसरू नकोस.

'हँग्ड मॅन'ची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. आज कुठल्याही पुस्तकात त्याचा अर्थ समर्पण, थांबणं, वेगळ्या नजरेनं बघणं. पण ज्या इटलीत हे पान पहिल्यांदा रंगवलं गेलं, तिथे पायाला बांधून उलटं टांगलेला माणूस म्हणजे गद्दार. शहरं फितुरांची तशी चित्रं भिंतींवर रंगवून घ्यायची, सगळ्या गावात नाचक्की व्हावी म्हणून. अँड्रिया देल कास्तान्यो या चित्रकारानं १४४० मध्ये फ्लॉरेन्समध्ये अशी चित्रं काढली आणि त्याचं टोपणनावच 'टांगलेल्यांचा अँड्रिया' पडलं. त्या काळच्या माणसाला या पानात अध्यात्म दिसलं नसतं, गावातला बदनाम शेजारी दिसला असता. स्मिथनं त्याच माणसाच्या डोक्यामागे तेजोवलय काढलं, खांबाला पालवी दिली, चेहरा शांत ठेवला. दोन्ही खरं आहे. समोर बसलेल्या माणसाला बदनामी खुपत असेल तर तो टांगलेला देह आधी दिसेल, थांबणं हवं असेल तर वलय आधी दिसेल. त्याला काय दिसतं ते विचारल्याशिवाय तुला कळणार कसं?

उलट्या पानांबद्दल तुझा प्रश्न होता. पान उलटं आलं की वाईट, हे कुणी शिकवलं तुला? आपल्या गुढीवर तांब्या उलटाच असतो. त्यावरून कुणी म्हणतं का की वर्ष वाईट जाणार? पान उलटं आलं तर उलटं बघ. वरची वस्तू खाली येते, खालची वर. जे आधी नजरेतून सुटलं होतं ते दिसतं. माझ्यासाठी एवढंच पुरतं.

आता एक सांगते, जे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

वीसेक वर्षं झाली. डोंबिवलीला मैत्रिणीच्या घरी मी दर रविवारी बसायचे. एक बाई आल्या, बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. पानं मांडली, मधोमध 'डेथ' आलं. मला तेव्हा हे वाक्य पाठ होतं, तुलाही असेल, सगळ्यांनाच असतं: घाबरू नका, डेथ म्हणजे मृत्यू नव्हे, जुनं जातं आणि नवं येतं. मी हसून म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा पानावर वाकला होता. त्या पानात घोड्यासमोर राजा पडलाय, एक मुलगी तोंड फिरवून बसलीय, आणि एक लहान मूल आहे जे तोंड फिरवत नाही, वर बघतंय. त्या मुलानं त्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हा घाबरला नाही का?"

मी म्हणाले, "नाही बाळा, हे नुसतं चित्र आहे." आणि पुढचं पान उलटलं.

निघताना त्या बाई दारात म्हणाल्या, "ह्यांना जाऊन दोन महिने झाले. तुम्ही म्हणालात तसं नवं काही येईल, असं वाटत नाही."

त्या परत आल्या नाहीत. बापाला पोचवून आलेल्या मुलानं त्या अख्ख्या पानातली नेमकी त्याच्याशी बोलणारी जागा शोधून माझ्यासमोर ठेवली होती. तीस सेकंद मी त्याच्याबरोबर त्या चित्राकडे बघितलं असतं, "तुला काय वाटतं, घाबरला असेल का?" एवढं विचारलं असतं, तर त्या घरात जे कुणी बोलत नव्हतं ते बोललं गेलं असतं. मी चित्र बघितलंच नाही. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. 'डेथ म्हणजे मृत्यू नव्हे' हे वाक्य मी त्यानंतर उच्चारलेलं नाही. कधीकधी मृत्यूच असतो. घडून गेलेला, घरात बसलेला.

म्हणून मी हट्टी झाले. लोक तसं म्हणतात आणि मला ते मान्य आहे. एका संस्थेत मी चार वर्षं टॅरो शिकवत होते, पगार बरा होता. त्यांना प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायला एक छापील तक्ता हवा होता, पान आणि त्याचे तीन शब्द. मी म्हणाले, पहिले दोन महिने तक्ता नाही, रोज एक पान, रोज अर्धा तास, दिसेल ते लिहा. विद्यार्थी कंटाळतात, फी परत मागतात, असं मला सांगितलं गेलं. मी तक्ता करून दिला नाही आणि ते काम गेलं. घरात त्या वर्षी पैशाची ओढाताण होती, मुलीच्या कॉलेजची फी होती, आणि नवऱ्यानं मला विचारलं होतं, एक कागद छापायला तुझं काय जात होतं? त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. माझ्या हातून तो कागद गेला असता तर शंभर मुलं शंभर घरांत जाऊन त्या मुलाला म्हणाली असती, नुसतं चित्र आहे. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

तुला वाटेल मी विषय सोडून माझंच पुराण लावलं. नाही. तुझी वही हा तोच तक्ता आहे, फक्त सुंदर अक्षरात.

फाडू नकोस ती. पण तिच्याशिवाय बघायला शीक. आणि तुला ते येतं, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी तू सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणलास, एकशे वीस गोल पत्ते, आणि माझ्या टेबलावर पसरून तासभर बोलत होतीस, हा मत्स्य बघा ताई, खवले कसे काढलेत, याचा डोळा किती मिश्कील आहे. तेव्हा तुला कुठली यादी लागली नव्हती. टॅरो आला की तुझे डोळे कुठे जातात?

रूममेटला परत बोलाव. नवीन पानं मांडू नकोस, तेच पान तिच्या हातात दे आणि तू गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, माहीत आहे. ती काय म्हणते ते मला लिहून पाठव, तिच्याच शब्दांत, तुझा अर्थ न जोडता. त्याआधी 'फाइव्ह ऑफ पेंटकल्स', म्हणजे पाच नाण्यांचं पान, घेऊन अर्धा तास बस. बर्फात चाललेली दोन माणसं आहेत आणि मागे रंगीत काचेची उजळलेली खिडकी. दरवाजा कुठे आहे ते शोध. मला अजून सापडलेला नाही.

शनिवारी चारनंतर मी घरीच असते. येताना डेक आण, वही आणू नकोस.

तुझी,
ताई