आठवण काढणं आणि काढून टाकणं

तुम्ही विचारलंय: ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ बघताना मी अर्ध्यातून उठलो आणि बायको मात्र शेवटी रडत होती. एकाच सिनेमाबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का, आणि त्याचा लेखक चार्ली कॉफमन याला एवढं का मानतात?

तुम्ही नेमके कुठे उठलात ते लिहायला हवं होतंत. हा सिनेमा सोडून देणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि बहुतेकांनी तो एकाच जागी सोडलाय. बर्फाळ समुद्रकिनारा, परतीच्या ट्रेनमध्ये स्वतःहून बोलायला येणारी निळ्या केसांची क्लेमेंटाइन, संकोची जोएल, मग गोठलेल्या नदीवर आडवं पडून दोघांचं तारे बघणं. सूर जुळतायत असं वाटतं न वाटतं तोच जोएल गाडीत एकटा ढसाढसा रडताना दिसतो, आणि तेव्हा कुठे पडद्यावर नावं यायला लागतात. सिनेमा सुरू होऊन पाव तासाहून जास्त झालेला असतो. आपलं मधलं काही बघायचं राहिलं की काय, असं वाटून माणूस आधी मागे जाऊन बघतो, मग वैतागतो, मग उठतो. तुमचं तिथेच झालं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. लेखकाने तुम्हाला मुद्दाम तिथे आणून सोडलंय आणि त्याचं कारण शेवटी कळतं.

यापुढे सगळी गोष्ट उघड करून सांगते. हा सिनेमा गोष्ट माहीत असताना जास्त भिडतो, असा माझा अनुभव आहे.

क्लेमेंटाइनने लॅक्यूना नावाच्या एका लहानशा कंपनीत जाऊन जोएलच्या सगळ्या आठवणी डोक्यातून पुसून घेतलेल्या असतात. जोएलला हे कळतं ते एका छापील कार्डावरून. तिने तुला स्मृतीतून काढून टाकलंय, तिच्यासमोर तुमच्या नात्याचा विषय कुणी काढू नये, अशा अर्थाचं ते कार्ड. सिनेमाचं बीज म्हणजे हे कार्डच. पियेर बिस्मथ या फ्रेंच कलावंताला ती कल्पना सुचली, त्याने ती दिग्दर्शक मिशेल गाँद्रीला सांगितली आणि गाँद्री ती घेऊन कॉफमनकडे गेला. दुखावलेला जोएल त्याच कंपनीत जाऊन म्हणतो, मलाही ती नको.

इथे आपल्या मराठीतलं एक क्रियापद मला फार उपयोगी पडतं. आपण आठवण ‘काढतो’. ‘काल सगळ्यांनी तुझी आठवण काढली’ म्हणताना ते काढणं पेटीतून जपलेली वस्तू बाहेर काढावी तसं असतं. आणि नको झालेली वस्तूही आपण ‘काढून टाकतो’. शब्द एकच, दिशा दोन. लॅक्यूनाची पद्धत तंतोतंत अशी आहे. क्लेमेंटाइनशी संबंधित घरातली झाडून सगळी चीजवस्तू पिशव्यांत भरून आणायला डॉक्टर जोएलला सांगतात, मग एकेक वस्तू त्याच्यासमोर धरतात आणि ती बघताना मेंदूत कुठे हालचाल होते त्याचा नकाशा तयार करतात. काढून टाकायची, तर आधी काढावी लागते. ही निव्वळ कल्पनेची भरारीही नाही. २००० साली करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की मेंदूत पक्की बसलेली भीतीची आठवण पुन्हा जागवली की काही काळ ती ओल्या मातीसारखी होते, आणि नेमक्या त्या वेळी मेंदूत नवी प्रथिनं बनू दिली नाहीत तर ती पुन्हा घट्ट होत नाही. न उघडलेल्या आठवणीला हात लावता आला नाही.

आता खरी करामत बघा. रात्री जोएल झोपेत असताना पुसायला सुरुवात होते, ती सगळ्यांत ताज्या आठवणीपासून. आधी शेवटचं भांडण जातं: मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याची गाडी ठोकून आलेली क्लेमेंटाइन आणि त्याचं तिला लागेल असं बोलणं. मग हॉटेलात समोरासमोर बसून मुकाट जेवणारे दोघं. कडूपणाचा हा वरचा थर खरवडून निघाला की खाली काय सापडतं? पांघरुणात शिरून तिने त्याला सांगितलेली गोष्ट, की लहानपणी मी कुरूप आहे असं मला वाटायचं आणि बाहुलीलाच मी ‘सुंदर हो’ म्हणून रागवायचे. त्या जागी जोएल झोपेतल्या झोपेत विनवण्या करायला लागतो, की ही एवढी एक राहू द्या.

नेहमीच्या प्रेमकथेत नजरानजर आधी आणि अडचणी नंतर. कॉफमनने गोष्टीची दिशाच उलटी केली. जोएल कडवटपणाकडून गोडव्याकडे चालत जातो आणि प्रत्येक पावलामागे पायाखालची फळी निघून जाते. ज्या क्षणी तो पुन्हा तिच्या प्रेमात पडतो त्याच क्षणी ती हातातून जाते.

हे मला पहिल्यांदा बघताना अजिबात कळलं नव्हतं. विशीत मैत्रिणींबरोबर बघितला होता, हुशार आहे पण जरा जास्तच पळापळ आहे, असं म्हणून विषय संपवला होता. नंतर माझं सहा वर्षांचं नातं संपलं. एका रात्री मी फोनमधले आमचे फोटो पुसायला बसले. फोनमध्ये सगळ्यांत नवे फोटो आधी येतात हे तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या वर्षातले, दोघांचे ताणलेले चेहरे, मी भराभर पुसले. मग वेग कमी झाला. मग मी पुसायच्या आधी प्रत्येक फोटो मोठा करून बघायला लागले. पहिल्या वर्षातल्या एका फोटोत तो माझ्या छत्रीखाली अर्धा भिजत उभा होता. तिथे माझा हात थांबला, तो पुढे गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी हा सिनेमा पुन्हा लावला आणि ‘पळापळ’ वाटलेला सगळा भाग मला ओळखीचा निघाला. तेव्हा मतं टोकाची का, याचं माझं पहिलं उत्तर असं आहे: हा सिनेमा तुमच्याजवळचं काहीतरी मागतो, आणि ते कधी तुमच्याजवळ असतं, कधी नसतं. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या मुरलेल्या समीक्षकानेही २००४ साली आधी साडेतीन तारे दिले होते आणि काही वर्षांनी पुन्हा बघून आपल्या थोर सिनेमांच्या यादीत त्याला जागा दिली.

दुसरं कारण साधं आहे. लोक भलतीच अपेक्षा घेऊन बसतात. जिम कॅरी म्हणजे विनोद, असं समीकरण तेव्हा घट्ट होतं, आणि इथे जोएल झालेला तो जवळजवळ कुजबुजत बोलतो. इटलीत तर सिनेमाचं नावच बदलून ‘तू मला सोडलंस तर मी तुला पुसून टाकीन’ अशा अर्थाचं ठेवलं. ते नाव वाचून गेलेल्या माणसाला काय वाटलं असेल!

एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेते, आणि तो माझ्या ताईचा आहे. ती म्हणाली, ‘तुम्ही सगळे त्या दोघांसाठी रडता, त्या मेरीचं काय?’ मेरी, म्हणजे कर्स्टन डन्स्ट, लॅक्यूनात काम करणारी मुलगी. तिला तिथल्या डॉक्टरांबद्दल ओढ वाटते आणि मग कळतं, की हे आधी एकदा घडून गेलंय आणि तिच्याच डोक्यातून पुसलं गेलंय. डॉक्टरांना सगळं आठवतं, तिला काहीच नाही, आणि तरी ती रोज त्यांच्यासमोर वावरत होती. सिनेमाचं नाव ज्या ओळीतून आलंय ती अलेक्झांडर पोपच्या १७१७ सालच्या कवितेतली ओळ मेरीच डॉक्टरांना म्हणून दाखवते. ती कविता एलॉइसाची, मठात राहणाऱ्या आणि आपल्या गुरूवरचं प्रेम विसरू न शकणाऱ्या स्त्रीची. जिला आठवायला काही नाही त्या निष्पाप जोगिणीचा एलॉइसाला हेवा वाटतो. मेरीला त्या ओळी सुखाच्या वाटतात, आणि ज्याच्यासमोर ती त्या म्हणते त्याला ठाऊक असतं की ही मुलगी स्वतःच तशी करून घेतलेली आहे. ताई म्हणाली तेव्हापासून मला हा प्रसंग सगळ्यांत भयंकर वाटतो. तिचं म्हणणं, हा दुय्यम धागा म्हणून उरकलाय. मला तसं वाटत नाही. पुसण्याने दुःख जात नाही, फक्त आपल्याबद्दलचं ज्ञान दुसऱ्याच्या हातात जातं, हे मेरीशिवाय सांगताच आलं नसतं. पुढे सगळ्या रुग्णांना त्यांच्या फायली आणि पुसण्याआधी त्यांच्याच आवाजात घेतलेल्या टेप्स परत पाठवते तीही मेरीच.

तसाच पॅट्रिक. हा लॅक्यूनातलाच तरुण जोएलच्या पिशव्यांतल्या वस्तू आणि जोएलची वाक्यं चोरून क्लेमेंटाइनला जिंकू बघतो. वाक्यं तीच, भेटवस्तू तीच, आणि ती आनंदी व्हायच्या ऐवजी घाबरीघुबरी होते. का, ते तिला सांगता येत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मधला सिनेमाभर आपण जी क्लेमेंटाइन बघतो ती क्लेमेंटाइन नाहीच. ती जोएलच्या डोक्यातली आहे. ‘मला लाजिरवाण्या आठवणीत लपव’ असं सुचवणारी, शेवटच्या आठवणीत ‘निदान निरोप तरी घेऊया’ म्हणणारी ती म्हणजे जोएलच आहे, तिच्या आवाजात स्वतःशी बोलणारा. प्रत्यक्ष निरोप त्यांनी कधी घेतलाच नव्हता. एखादं माणूस निघून गेल्यावर आपण मनात त्याच्याशी जे संवाद करतो, त्यात तो आपल्याला हवं तेवढं समजूतदार होतो, हे कॉफमनने इतक्या अचूकपणे पकडलंय की मला दर वेळी थांबून श्वास घ्यावा लागतो.

याच कारणासाठी मी त्याला मानते. त्याची विचित्र यंत्रं लोकांच्या लक्षात राहतात. १९९९ सालच्या ‘बीइंग जॉन माल्कोविच’मध्ये साडेसातव्या मजल्यावर कपाटामागे एक दार, त्यातून पंधरा मिनिटं थेट जॉन माल्कोविच या नटाच्या डोक्यात. २००२ सालच्या ‘ॲडाप्टेशन’मध्ये त्याला एका पुस्तकावरून पटकथा लिहायची होती, ती जमेना, म्हणून न जमणारा लेखकच त्याने नायक केला, त्याला एक काल्पनिक जुळा भाऊ दिला आणि पटकथेचं श्रेयही त्या भावाबरोबर वाटून घेतलं. पण यंत्र काढून ठेवलं तरी मागे उरतं ते अगदी रोजचं असतं: मी दुसरा कुणी असतो तर माझ्यावर कुणी प्रेम केलं असतं का, ही भीती. ‘ॲनोमलिसा’ (२०१५) मला याबाबतीत ‘इटर्नल सनशाइन’च्या सर्वांत जवळचा वाटतो. बाहुल्यांचा सिनेमा. नायकाला जगातल्या प्रत्येक माणसाचा आवाज एकसारखा ऐकू येतो आणि एका रात्री एकाच बाईचा आवाज वेगळा येतो. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तोही इतरांसारखा व्हायला लागतो. प्रेम ओसरणं म्हणजे काय, हे दाखवायला त्याला एकही भांडण लागलं नाही. सगळंच मला आवडतं असं नाही. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘सिनेक्डकी, न्यूयॉर्क’ मला दमवतो. तिथे त्याला आवरणारा गाँद्री नाही. ‘इटर्नल सनशाइन’मध्ये नाहीशी होणारी माणसं आणि कोरी पडत जाणारी पुस्तकं दाखवताना गाँद्रीने शक्य तिथे संगणकाऐवजी कॅमेऱ्यासमोरच्या हातचलाखीवर भिस्त ठेवली, म्हणून ही गोष्ट एवढी हाडामांसाची वाटते. मूळ पटकथेचं ऑस्कर कॉफमन, गाँद्री आणि बिस्मथ तिघांना मिळून मिळालं, ते योग्यच झालं.

आता शेवट, जिथे तुमच्या पत्नी रडल्या असतील. काही आठवत नसलेले ते दोघं मेरीने पाठवलेल्या टेप्स ऐकतात. एकमेकांबद्दल पूर्वी ओकलेलं विष, स्वतःच्याच आवाजात. दारातल्या अरुंद बोळात तो म्हणतो, मला तुझ्यात न आवडण्यासारखं काही दिसत नाही. ती म्हणते, दिसेल, मला तुझा कंटाळा येईल, माझा जीव गुदमरेल. तो म्हणतो, ठीक आहे. तीही रडत हसत म्हणते, ठीक आहे. कुणाला यात आशा दिसते, तर ताईला हे दोघं पुन्हा त्याच विहिरीत उडी मारताना दिसतात. मी आशेच्या बाजूची आहे. पहिल्या वेळी त्यांना पुढचं माहीत नव्हतं, आता ते सगळं ऐकून ‘ठीक आहे’ म्हणतायत. इतक्या पूर्ण माहितीनिशी दिलेला होकार मी दुसऱ्या प्रेमकथेत बघितलेला नाही.

पुन्हा लावणार असाल तर पत्नीबरोबर बसा आणि सुरुवातीला फक्त क्लेमेंटाइनच्या केसांवर लक्ष ठेवा. पहिल्या ओळखीच्या वेळी ते हिरवे होते, भर प्रेमात लाल, सगळं विस्कटायला लागल्यावर नारिंगी. आणि निळे केले ते जोएलला पुसून टाकल्यानंतर. ट्रेनमध्ये ती त्याच्याशी बोलायला येते तेव्हा तिचे केस निळे आहेत.