गुलामांनी स्वतः फारसं काही लिहून ठेवलं नाही, मग समुद्रापार नेलेल्या या माणसांचा इतिहास कशावरून लिहितात?

प्रश्न रास्त आहे. पण कागदांचा तुटवडा नाही, ढीग आहेत. अडचण एवढीच की ते बहुतेक विकणाऱ्यांनी, घेणाऱ्यांनी नाहीतर विम्यासाठी भांडणाऱ्यांनी लिहिलेत. मी इतिहास शिकवतो. कागद हाती आला की आधी विचारा, हा कोणी आणि कशापायी लिहिला, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगतो.

'साओ जोझे' हे पोर्तुगीज जहाज घ्या. १७९४ साली लिस्बनहून मोझांबिकला गेलं, तिथे सुमारे ५०० माणसं भरली आणि ब्राझीलच्या वाटेवर, डिसेंबरात, केपटाऊनजवळ खडकावर आपटून फुटलं. दोनशेहून जास्त गुलाम बुडाले. वाचले त्यांना केपमध्येच, म्हणजे केपटाऊनभोवतीच्या तेव्हाच्या डच वसाहतीतच, विकून टाकलं. १९८०च्या दशकात पाणबुड्यांना अवशेष सापडले, तेव्हा ते कुठलंसं जुनं डच जहाज समजलं गेलं. पुढे केपच्या दफ्तरात कप्तानाची जबानी मिळाली आणि लिस्बनला मालाची यादी: लोखंडी ठोकळे, १,४००. समुद्रतळाशी तसेच ठोकळे होते! जहाज स्थिर राहावं म्हणून तळात भरतात त्या वजनाला नीरम म्हणतात. इतर मालाच्या मानाने माणसं हलकी, त्यात ती हलणार, वाटेत मरणार. म्हणून एवढं लोखंड. दोन खंडांतली दफ्तरं आणि समुद्राचा तळ एकत्र आणला तेव्हा कुठे हे जहाज ओळखू आलं.

आकड्यांचं कामही मोठं झालंय. अटलांटिकवरच्या ३६,००० फेऱ्यांची माहिती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. त्यावरून काढलेला अंदाज असा: आफ्रिकेत सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली, पलीकडे उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. काम अफाट आहे, मीही रोज वापरतो. तरी माणसं पुन्हा नगांसारखीच मोजली जातात, हे मला खटकतं.

हिंदी महासागरात अशा सलग वह्या फार कमी. तिथे नावं कामी येतात. केपच्या डच नोंदींत सतराव्या शतकातली 'आंजेला फान बेंगाले' भेटते, म्हणजे बंगालची आंजेला. १६६६ साली ती मुक्त झाली. आंजेला हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नसावं, आणि 'बेंगाले' हेही तिचं गाव की विक्रीचं बंदर, कोण सांगणार?

माझ्या मते सगळ्यात मोलाचे कोर्टाचे कागद. केपमध्ये गुलामांच्या जबान्या घेतल्या जात. बोलणारा अनेकदा मलायी (आग्नेय आशियातली भाषा) किंवा मोडकी पोर्तुगीज बोलायचा, कारकून ते डचमध्ये उतरवायचा. मला डच येत नाही, इंग्रजी अनुवादांवर भागवतो. पण मध्येच कारकुनाने एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवलेलं असतं, मलायीतलंच. तिथे मी वाचायचा थांबतो आणि ते मोठ्याने म्हणून बघतो.