वाचकांचे प्रश्न : वायरवालं स्वस्त ड्रिल घरच्या कामांना पुरतं का?

यावेळी ड्रिल मशीनबद्दल इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण खालच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत, म्हणून आधी ते वाचा.

प्रश्न : घरात काही ना काही निघतच असतं, पडद्याचे रॉड, एखादं शेल्फ, फोटो, टीव्हीचं ब्रॅकेट. दरवेळी माणूस शोधा, त्याची वाट बघा, कंटाळा आलाय. ऑनलाइन सगळ्यात कमी बजेटमधलं वायरवालं ड्रिल बघतोय, ६०० वॉट, १३ मिमी चक (बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, जिथे बसते तो पुढचा जबडा), हॅमर मोड आहे, मिनिटाला ४८,००० ठोके असं काहीतरी लिहिलंय. मित्र म्हणतो असला कचरा घेऊ नको, बॅटरीवालंच घे. काय करू?

उत्तर : घ्या, पण आधी भिंत बघा, मशीन नंतर. तुमच्या यादीतली बहुतेक कामं हे मशीन हसतखेळत करेल आणि एखाद्या कामात अक्षरशः रडवेल, आणि ते कंपनीपेक्षा समोर काय आहे यावर जास्त ठरतं. वीट, हलके ब्लॉक, लाकूड, पातळ पत्रा, जिप्सम बोर्ड यात ६ ते ८ मिमीची पाचेक सेंटीमीटर खोल भोकं पाडायला बजेटमधलं मशीन पुरतं, त्यासाठी जास्त पैसे घालायची खरंच गरज नाही. भिंत कसली आहे ते एक छोटं भोक पाडलं की कळतं. प्लास्टरचा थर गेल्यावर लाल भुकटी आली तर वीट, पांढरट हलकी भुकटी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर ब्लॉक, आणि करडी बारीक धूळ येतेय पण बिट जागचं हलत नाही असं झालं की काँक्रीट. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर बोर्ड आहे, तिथे हॅमर मोड लावूच नका.

आता डब्यावरचे आकडे. ६०० वॉट म्हणजे मशीन विजेच्या बोर्डातून किती ओढतं ते, बिटच्या टोकाला किती पोचतं ते नाही, मधल्यामध्ये बरंच उष्णतेत आणि गिअरमध्ये जातं, त्यामुळे ५५० आणि ६५० यावरून भांडत बसू नका. मिनिटाला ३,००० फेरे हे रिकामं फिरताना, भिंतीत घुसलं की ते उतरतातच. ४८,००० ठोके तर निव्वळ गुणाकार आहे, आत दाते असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, एका फेरीत साधारण १६ दाते आणि ३,००० फेरे, झाले ४८,०००. आकडा खरा असतो हो, पण प्रत्येक ठोका किती जोराचा ते त्यात कुठेच नसतं. १३ मिमी म्हणजे चकमध्ये जास्तीत जास्त १३ मिमी जाडीची दांडी बसते एवढंच. डब्यावर लाकूड, लोखंड, काँक्रीट यांचे वेगळे तीन आकडे दिलेले असतात ते वाचा, आणि काँक्रीटसमोरचा आकडा मनातल्या मनात निम्मा करा (हे माझं मत, कंपन्यांना विचारू नका).

मग बघायचं काय? ट्रिगर हळू दाबला तर मशीन हळू फिरायला लागतं का, हे पहिलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर ही रचना ब्लॅक अँड डेकरने १९१७ मध्ये पेटंट केली आणि आजही सगळी मशिन्स तशीच दिसतात, फरक एवढाच की आता वेग बोटाने कमीजास्त करता येतो, आणि नेमकं सगळ्यात स्वस्त मशिन्समध्ये हीच गोष्ट नावापुरती असते, म्हणजे दाबलं की एकदम सुसाट. असं मशीन नको. भोकाची सुरुवात हळूच करावी लागते, नाहीतर बिट प्लास्टरवर घसरत जातं आणि खुणेपासून भलतीकडेच भोक पडतं. उलटं फिरवायची सोय हवी, बाजूचं हँडल हवं, खोली ठरवायची दांडी हवी. वायर लांब आणि मऊ असली तर उत्तम, कडक प्लास्टिकची वायर काम करताना सारखी पीळ खाते आणि डोकं फिरवते.

मशीन घरी आलं की परत करायची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्या, डबा माळ्यावर ठेवून सहा महिन्यांनी उघडू नका. नवं सरळ बिट चकमध्ये लावा, किल्लीने तिन्ही भोकांतून आवळा, एकाच भोकातून नाही, आणि मशीन हळू फिरवून बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी दिसलं तर ठीक, गोल गोल वर्तुळ काढताना दिसलं तर बिट काढून परत बसवा, दुसरं बिट लावून बघा, तरी तसंच असेल तर चक किंवा दांडा वाकडा आहे, मशीन परत करा. हे मी सगळ्यात वर ठेवीन, कारण डुलणाऱ्या मशीनने ६ चं भोक ७ चं होतं, त्यात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी सैल बसते आणि स्क्रू फिरवला की गिट्टीच गोल फिरते, मग लोक गिट्टीला शिव्या देतात. नंतर मशीन बंद करून, प्लग काढून, चक बोटांनी धरून आडवा हलवून बघा, किंचित हालचाल चालते, खडखड नको. मग दोनतीन मिनिटं रिकामं चालवा, आवाज एकसारखा हवा, मध्येच खरखर किंवा ओरडल्यासारखा आवाज म्हणजे गिअर किंवा बेअरिंगमध्ये गडबड. पहिल्यांदा थोडा वास येतो तो जातो, धूर आला तर मात्र विचार करत बसू नका. शेवटी विटेत सहाचं एक भोक. बिट चांगलं असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत व्हायला हवं.

आणि ‘बिट चांगलं असेल तर’ हे महत्त्वाचं, कारण मशीनसोबत फुकट येणारा बिट्सचा सेट बहुतेकवेळा फोटोत छान दिसण्यापुरता असतो. भिंतीसाठी टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असलेलं बिट लागतं, लोखंडाला एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं), लाकडाला मधे टोकदार सुई असलेलं. ६, ८ आणि १० मिमीची तीन चांगली भिंतीची बिट्स घेतली की घर चालतं. मशीनमध्ये वाचवलेले पैसे इथे घाला, स्वस्त मशीनला चांगलं बिट लावलं की ते महागड्या मशीनला लावलेल्या बोथट बिटपेक्षा चांगलं काम करतं.

मित्राचं बॅटरीवालं प्रकरण. बॅटरीवालं हाताळायला मस्त असतं, वायर नाही, शिडीवर चढून काम करायचं तर सुखच. पण ज्याला वर्षातून चारदा भोकं पाडायची आहेत त्याचं मशीन बाकीचा वेळ कपाटात पडून असतं आणि बॅटरी पडून पडूनही म्हातारी होते, वायरवालं पाच वर्षांनी काढलं तरी प्लग लावला की फिरतं. शिवाय त्याच किमतीत विटेत घुसायची ताकद वायरवाल्यात जास्त मिळते. म्हणून तुम्ही सांगितलेल्या कामांना वायरवालं. फक्त त्याला लागोपाठ राबवू नका, आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मशीन जोर लावून हळू फिरतं तेव्हा गरम जास्त होतं आणि हवा कमी मिळते. हाताला कडक गरम लागलं की बिट बाहेर काढून मिनिटभर फुल स्पीडला रिकामं फिरवा, बंद करून ठेवण्यापेक्षा लवकर थंड होतं. डब्यात रंग किंवा सिमेंट घोटायला हे मशीन वापरू नका, बजेट मशिन्स जास्त करून त्यातच जळतात.

प्रश्न : माझं नवीन हॅमर ड्रिल खिडकीच्या वर पडद्याच्या रॉडसाठी आतच जात नाहीये. बाकी भिंतीत मस्त चाललं. इथे दहा मिनिटं दाबून धरलं तरी सेंटीमीटरभर, बिटचं टोक निळं पडलं. मशीन खराब निघालं का?

उत्तर : आधी एक बघा, मशीन उलटं तर फिरत नाहीये ना? हसू नका, रिव्हर्सचा खटका चुकून दाबला जातो आणि उलट्या फिरणाऱ्या बिटने भिंत नुसती घासली जाते, विटेत तसंही थोडं आत जातं म्हणून पटकन लक्षात येत नाही. ते नसेल तर तुमचं मशीन ठीक आहे, खिडकीच्या वर लिंटेल असतो, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, आणि तिथे या जातीच्या मशीनचा जीव संपतो. वर दात्यांच्या चकत्यांचं सांगितलं ना, त्यांचा ठोका अगदी बारीक असतो आणि तुम्ही जितकं दाबाल तितकाच जोर त्यात येतो, म्हणजे हातोडा खरं तर तुमचा खांदा आहे. रोटरी हॅमर नावाचं जे वेगळं मशीन असतं त्यात पिस्टन असतो, तो हवा दाबून ठोकळा पुढे फेकतो, त्याचा जोर ज्यूलमध्ये लिहितात, आणि त्यात नुसतं धरून उभं राहिलं की ते काँक्रीटमध्ये स्वतःच जातं. त्याची बिट्स खाचा असलेल्या दांडीची, एसडीएसची, ती तुमच्या चकला चालत नाहीत.

निळं पडलेलं बिट टाकून द्या, त्याचं टोक गेलं. नवं ५ चं बिट घेऊन आधी बारीक भोक पाडा, मग त्यातच ६ किंवा ८ चं घाला, मधेमधे बिट बाहेर ओढून धूळ काढत राहा, दोनचार भोकांपुरतं असं जमून जातं. मध्येच काहीतरी टणक लागून बिट अजिबात पुढे जाईना आणि भुकटीत चमकणारे कण दिसले तर सळई लागली, तिला कापायच्या मागे लागू नका, भोक थोडं बाजूला घ्या. आणि सगळ्याच खोल्यांच्या खिडक्या करायच्या असतील तर रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने किंवा कुणाकडून मागून आणा.

प्रश्न : प्लगला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही. आई म्हणते हे वापरायचं नाही, शॉक बसेल.

उत्तर : मशीनवरच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन आहे, आतल्या विजेच्या भागांना दोन वेगळी आवरणं असतात आणि त्याला अर्थिंग लागतच नाही, तसंच ते बनवलेलं असतं. खूणच नसेल आणि वर पिनाही दोनच असतील तर आईचं बरोबर.

पण आईची भीती वेगळ्या जागी खरी आहे. वायरिंग स्विचबोर्डपासून बहुतेकवेळा सरळ वर, खाली किंवा आडवं जातं, म्हणून बोर्डच्या आणि लाइटच्या पॉइंटच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. नळाच्या रेषेतही नाही. शंका असेल तर त्या भिंतीतल्या लाइनचा एमसीबी पाडा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने वीज द्या, एक्स्टेंशन गुंडाळीचं असेल तर पूर्ण उलगडून, कारण गुंडाळलेली वायर तापते. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावाच, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. मोकळी ओढणी, सैल बाही, हातमोजे हे फिरणाऱ्या चकजवळ नको. आणि ट्रिगर अडकवून ठेवायचं बटण असतं ना, ते घरकामात वापरूच नका, बिट अडकलं की मशीन तुमचं मनगट फिरवतं आणि तेव्हा बोट उचललं तरी ते थांबत नाही.

प्रश्न : मशीनच्या मागच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसतात. जळणार का?

उत्तर : बारीक निळसर ठिणग्या असणारच, आत कार्बन ब्रश फिरत्या भागावर घासत असतात. नव्या मशीनमध्ये थोड्या जास्त दिसतात, ब्रश बसले की कमी होतात. मोठ्या पिवळ्या-केशरी, गोल रिंगण दिसावं अशा ठिणग्या आणि सोबत मशीन अडखळतंय असं असेल तर ब्रश संपलेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जातंय. ब्रश हा झिजायचाच भाग आहे, बदलायला सोपा आणि स्वस्त, म्हणून घेताना बाहेरून झाकण उघडून ब्रश बदलता येतात का ते बघून घ्यावं. आर्मेचर गेलं तर बजेट मशीनला दुरुस्ती परवडत नाही.

प्रश्न : याच ड्रिलने स्क्रू पिळता येतील का? फर्निचर जोडायचंय.

उत्तर : येतात, पण मजा नाही. यात क्लच नसतो, म्हणजे स्क्रू पुरता बसला की थांबायचं त्याला कळत नाही, डोकं खरवडलं जातं किंवा पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रूने पाडलेले आटे मोडतात आणि तो कायमचा सैल. लाकडात आधी बारीक भोक या मशीनने पाडा आणि शेवटचे फेरे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. अशी कामं नेहमीची असतील तर मात्र वरच्या वाचकाच्या मित्राचं ऐका, छोटं बॅटरीवालं क्लचसकट घ्या.

प्रश्न : बाथरूमच्या टाइलला भोक पाडायचंय, तडा जाईल म्हणून हिंमत होत नाही.

उत्तर : हॅमर मोड बंद, हे लिहून ठेवा. टाइलवर मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरणार नाही, टाइलची कड आणि कोपरा सोडून खूण करा, भाल्याच्या टोकासारखं येतं ते काचेचं-टाइलचं बिट लावा आणि अगदी हळू वेगाने, कमी दाबून सुरू करा. बिट गरम झालं की थांबा, ओल्या स्पंजने टेकवून थंड करा, वायरवाल्या मशीनजवळ पाण्याची धार सोडू नका. ग्लेझ्ड सिरॅमिकमध्ये हे सहज होतं. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सलेनची टाइल असेल तर हे बिट बोथट होईल, तिथे डायमंडचं पोकळ बिट लागतं. टाइलची जाडी संपली की आवाज बदलतो, तिथे थांबून भिंतीचं बिट लावा. मागे वीट असेल तरी पहिला सेंटीमीटरभर हॅमरशिवायच जा, नंतर हॅमर चालू केला तरी चालेल.