वाचकांचे प्रश्न : टिपकणारा कार्ब्युरेटर, फसवे आटे आणि उलटा नट

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या कुणाकडे असतील तर कळवा. वाटलं होतं एखादं पत्र येईल, तर बडोद्यातच एवढ्या एमजी ताडपत्रीखाली झोपल्यात हे आत्ता कळलं. सगळी पत्रं घेता येत नाहीत, चार घेतो.

प्रश्न : काका, नमस्कार. आजोबांची १९५७ची एमजीए आमच्या आवारात बारा वर्षं नुसती उभी होती. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघून आलो आणि डोक्यात बसलं की हिला चालू करायचीच. आता चालू होते, आयडलला बरी असते, पण अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की घुसमटते, एक गचका देते आणि मग पळते. शिवाय मागच्या कार्ब्युरेटरखाली पेट्रोल टिपकतं. मिस्त्री म्हणतो दोन्ही काढून अ‍ॅम्बेसेडरचा एकच टाकू, "थई जशे" (होऊन जाईल). मला स्वतः करायचंय. सुरुवात कुठून करू?
— दांडिया बाजार

उत्तर : सुरुवात म्हणजे आज गाडी चालू करू नका. घाबरवत नाहीये, पण या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, वर कार्ब्युरेटर आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड, आणि तुमचं पेट्रोल टिपकतंय त्याच्यावर. गचक्याचं नंतर बघू, आधी हे.

इग्निशन फक्त ऑन करा, इंजिन थंड असताना, स्टार्टर मारू नका. इलेक्ट्रिक पंप टकटक करेल आणि फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरशेजारच्या पेट्रोलच्या छोट्या डब्या, भरले की गप्प बसायला पाहिजे. टकटक थांबतच नसेल आणि फ्लोट चेंबरच्या झाकणाजवळच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल येत असेल तर पेट्रोल अडवणारी आतली सुई नीट बसत नाहीये. बारा वर्षं उभ्या गाडीच्या टाकीतला गंज त्या सुईखाली अडकलेला असतो, दुसरं काही नाही. झाकण काढा, सुई आणि तिची बैठक साफ करा, फ्लोट (आतला तरंगणारा पोकळ गोळा) कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर फ्लोट गेला. टाकी मात्र धुवावीच लागेल, नाहीतर पुढच्या रविवारी परत हेच.

पण पेट्रोल जर कार्ब्युरेटरच्या बुडातून, जेटच्या (ज्या बारीक नळीतून पेट्रोल इंजिनात जातं तिच्या) खालून येत असेल तर गोष्ट वेगळी. एमजीएला एसयू कंपनीचे एच-४ आहेत, त्यांच्या जेटला सील म्हणून चक्क बूच असतं, बाटलीला असतं तेच. गाडी उभी राहिली की ते सुकून आक्रसतं. नवीन सील किट घाला, आणि हाताशी आलंच आहे तर पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या बदला, कारण हल्ली पंपावर जे इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं ते जुन्या रबराला सोसत नाही.

आता गचका. ह्याला मी दहा रुपयांचं दुखणं म्हणतो. कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची छोटी टोपी फिरवून वर काढा, तिच्याखाली बारीक दांडी येईल, तो डॅम्पर. ती दांडी कोरडी आली ना? मग हेच. एसयूमध्ये आत एक पिस्टन असतो, इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा वर जातो आणि त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून तेवढीच वर येऊन पेट्रोल सोडते. एकदम रेस दिली की पिस्टनने जरा दमाने वर जायला पाहिजे म्हणजे क्षणभर मिश्रण पेट्रोलने दाट राहतं, आणि हे दमाने जाणं तेलामुळे होतं. तेल नाही तर पिस्टन उडी मारतो, नुसती हवा घुसते, इंजिन घुसमटतं. वीस ग्रेडचं पातळ तेल घाला आणि टोपी हळूहळू खाली आणा, बसायला पाव इंच राहिलं असताना हाताला अडखळल्यासारखं लागलं की तेल बरोबर. पिस्टन बोटाने वर उचलून सोडून बघा, खाली पडताना "टक" असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. नाही आला तर वरचं भांडं काढून आत पेट्रोलच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावायचा नाही म्हणजे नाही. आणि एका कार्ब्युरेटरचं भांडं दुसऱ्याच्या पिस्टनवर चढवायचं नाही, त्या जोड्या एकमेकांसाठी घासून बसवलेल्या असतात.

एवढं करूनही जेटच्या खालच्या, पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या नटाला हात लावण्याआधी पॉइंट्स बघा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क. कार्ब्युरेटर खराब आहे म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचा कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष होता, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळलेले होते. फट ०.०१५ इंच, फिलर गेज लावून. मग एअर फिल्टर काढून रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा, फुसफुस दोन्हीकडे सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. सगळ्यात शेवटी जेट. बारीक स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला : इंजिन जोरात होऊन जोरातच राहिलं तर पेट्रोल जास्त, नट एक पैलू वर. मरायला लागलं तर पेट्रोल कमी, एक पैलू खाली. किंचित चढून परत जागेवर आलं तर हात काढून घ्या आणि चहा प्या.

अ‍ॅम्बेसेडरचा एकच कार्ब्युरेटर बसवायच्या फंदात पडू नका, मिस्त्रीला त्यात सोय आहे, गाडीला नाही. मिस्त्रीचं एका बाबतीत मात्र चुकत नाही, तुमच्या एमजीएचं आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, दोन्ही १४८९ सीसी. त्यामुळे बारीकसारीक सामान जुळतं, पण जुना पार्ट खिशात घालून जा आणि दुकानात कॅलिपर लावून बघा. पिस्टन तर डोळे मिटून घेऊच नका, बोअर तेवढाच असला तरी एमजीएचं कॉम्प्रेशन जास्त आहे.

(जाता जाता, हा कार्ब्युरेटर काढला तो स्किनर नावाच्या भावांनी, घरचा धंदा चपला-बुटांचा, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता! चांभारकामातून आलेलं यंत्र आहे, म्हणून हळुवार हात लागतो.)

प्रश्न : माझी एमजी टीडी, १९५१. वॉटर पंपाचे बोल्ट गंजले होते म्हणून हार्डवेअरवाल्याकडून त्याच जाडीचे ८ मिमीचे आणले. दोन आटे गेले आणि अडकले. मग एकाने इंची बोल्ट दिला, तो बराच आत गेला पण शेवटी गरगर फिरायला लागला. गाडी इंग्लिश, मग इंची की मिलिमीटर? बरं, हालोलला एमजीचा कारखाना इतका जवळ, तिथे मिळेल का?
— मांजलपुर

उत्तर : हालोलला २०१९पासून ज्या निघतात त्या आजच्या एमजी, बिल्ला तोच, बाकी तुमच्या टीडीशी त्यांचं नातं आडनावापुरतं.

आता बोल्ट. तुमचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन हा एक मजेशीर प्राणी आहे. ते ज्या कोव्हेंट्रीच्या कारखान्याच्या परंपरेतलं आहे तो आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, इंग्लिश मोटार कारखानदार विल्यम मॉरिसने १९२३मध्ये घेतला आणि यंत्रसामग्री फ्रेंचच राहिली. म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्लिश मिस्त्रींकडे पाने व्हिटवर्थचे (जुनं ब्रिटिश इंची माप), मग बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची केली! म्हणजे पाना बघून आटे ओळखायला गेलात की फसलात. आणि मिलिमीटरचे तरी साधे कुठे, ८ मिमी जाडीला बाजारात १.२५ मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मिळतो, तुमच्या इंजिनाला लागतो १.००. म्हणून पहिला बोल्ट दोन आट्यांत अडकला. दुसरा बहुतेक ५/१६ इंची यूएनएफ (बारीक इंची आट्यांचा) असणार, त्याचा पिच १.०५८ पडतो, एकच्या इतका जवळ की चार-पाच आटे प्रेमाने आत जातो आणि मग बीड कापायला लागतो.

मी स्वतः पंचविशीत असताना एका ओळखीच्यांच्या टीडीवर अगदी हेच केलंय, वर पाइप लावून जोर दिला होता, ते गृहस्थ आमच्या घरी नंतर दोन दिवाळ्या फराळाला आले नाहीत.

एक पिच गेज विकत घ्या, जास्त पैसे लागत नाहीत. निघालेला मूळ बोल्ट सांभाळून ठेवा आणि मकरपुरा जीआयडीसीत लेथवाल्याकडे जा, ८ बाय १ सांगा आणि नमुना हातात द्या, डोकं हवं तर व्हिटवर्थ मापाचं करून देईल. गेलेल्या भोकात ८ बाय १चीच हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवून घ्या. भोक मोठं करून १०चा बोल्ट ठोकू असं कुणी म्हणालं तर गाडी उचलून घरी आणा. आणि नवा बोल्ट आधी बोटांनी पूर्ण आत जाऊ द्या, पाना फक्त शेवटच्या पाव फेरीला.

प्रश्न : काका, एमजीबीला तारांची चाकं आहेत. उजव्या बाजूचा मधला कानवाला नट हातोडा मारून मारून सुटत नाही, डावीकडचा लगेच सुटला.
— फतेहगंज

उत्तर : थांबा, तुम्ही तो आवळताय! उजव्या बाजूला उलटे आटे असतात. सोपं लक्षात ठेवायचं तर गाडी पुढे जाताना चाक जिकडे फिरतं तिकडे मारलं की नट सुटतो, दोन्ही बाजूंना. असं का, तर धावताना नट आपोआप घट्ट होत राहावा म्हणून. तांब्याची हातोडी वापरा, लोखंडाची मारून कान वाकवू नका. आणि कुणी पूर्वी रिस्टोअर करताना डावी-उजवी हब अदलाबदल केली असतील तर गाडी जॅकवरच राहू द्या, कारण मग नट धावताना सुटतो.

प्रश्न : एमजीएच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं, गाडी होडीसारखी डोलते. ते काढून बाइकसारखे गॅसचे टाकावेत का?
— कारेलीबाग

उत्तर : काढून टाकता येणार नाहीत, त्या शॉकअपचा दांडाच तुमच्या पुढच्या सस्पेन्शनचा वरचा हात आहे, तो काढला तर चाक वरून कुणी धरायचं? वरचा फिलर प्लग आधी बाहेरून घासून पुसा, मग उघडा, धूळ आत गेली तर आतले वाल्व्ह बसतात. बाइकच्या पुढच्या फोर्कचं वीसचं तेल हळूहळू भरा आणि दांडा वर-खाली हलवून हवा काढा. ब्रेक ऑइल घालू नका. आठवड्यात परत रिकामा झाला तर शाफ्ट झिजलाय, तो घरी होण्यासारखा नाही, बुश टाकून घ्यावा लागेल.