दोन नोडचं एसएफटीपी क्लस्टर उभारताना

महापेतल्या डेटा सेंटरमध्ये दोन सर्व्हर मिळाले म्हणून लगेच एसएफटीपीचं (एसएसएचवरून सुरक्षितपणे फाइल पाठवण्याच्या पद्धतीचं) क्लस्टर, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम घेईल अशी जोडी, बांधायला बसू नकोस. आधी होस्ट की, म्हणजे क्लायंटला सर्व्हरची ओळख पटवणारी की, बघ. दोन्ही नोडवर, म्हणजे जोडीतल्या दोन्ही सर्व्हरवर, ती एकच हवी. नाहीतर फेलओव्हर झाल्यावर, म्हणजे काम दुसऱ्या नोडकडे गेल्यावर, समोरच्या क्लायंटला वेगळी की दिसते, ‘होस्टची ओळख बदलली’ असा इशारा येतो आणि रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट तिथेच थांबतात. सर्व्हर चालू, पोर्ट २२ उघडा, तरी फाइल येत नाही. नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. युजर, त्यांच्या की आणि परवानग्याही दोन्हीकडे सारख्याच ठेव.

क्लायंटला फक्त व्हर्च्युअल आयपी दे, म्हणजे जो नोड सक्रिय असेल त्याच्याकडे जाणारा सामायिक पत्ता. एफटीपीएसही (टीएलएसने सुरक्षित केलेलं एफटीपी) देणार असशील, तर पॅसिव्ह मोडमध्ये, जिथे डेटासाठी कुठे जोडायचं ते सर्व्हर क्लायंटला सांगतो, त्याने तोच आयपी सांगायला हवा, नोडचा नाही.

दुवा तुटल्यावर कोणी चालू राहायचं हे ठरवायला दोन नोडना तिसरं मत ठेवच. ते मत देणारा विटनेस ठाण्याच्या ऑफिसात ठेव, त्याच रॅकमध्ये नको. नोडमधला दुवा तुटल्यावर दोघांनी एकाच सामायिक डिस्कवर लिहिलं तर डेटा कायमचा बिघडू शकतो. म्हणून फेन्सिंग (दुसऱ्या नोडला सक्तीने बंद करणं किंवा डिस्कपासून तोडणं) बंद ठेवून पुढे जाऊ नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. पावसात ठाणे-बेलापूर रस्ता तुंबला की महापेला पोचणं अवघड, त्यामुळे हे सगळं माणसाशिवाय व्हायला हवं.

फेलओव्हरच्या वेळी चालू ट्रान्सफर मात्र तुटणारच. म्हणून क्लायंटला फाइल तात्पुरत्या नावाने चढवून पूर्ण झाल्यावर नाव बदलायला सांग. मग चाचणी म्हणून मोठी फाइल चालू असताना सक्रिय नोडची वीज काढून बघ.