सोन्याच्या शोधात वसलेल्या डेन्व्हरमध्ये पहिली शाळा कशी सुरू झाली?

थोडक्यात सांगायचं तर सरकारने नाही, एका अवलिया मास्तराने काढली.

१८५८ मध्ये आजच्या अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, चेरी क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी सोनं सापडल्याची हाक उठली आणि तंबू-झोपड्यांची वस्ती उभी राहिली. आलेले बहुतेक एकटे पुरुष, पोरंबाळं मोजकीच. १८५९ मध्ये ओवेन गोल्ड्रिक नावाचा आयरिश माणूस बैलगाडी हाकत गावात आला. अंगात उंची कोट, डोक्यावर रेशमी टोपी, हातांत हातमोजे! बैलांना तो लॅटिनमध्ये शिव्या द्यायचा म्हणतात. ही दंतकथा असेल, पण सोडवत नाही.

३ ऑक्टोबर १८५९ ला त्याने शाळा भरवली ती ओंडक्यांच्या भिंतींच्या आणि वर मातीचं धाबं असलेल्या भाड्याच्या खोलीत. पट १३ मुलांचा. त्यात मेक्सिकन आणि मिश्र वंशाची मुलंही होती, हे मला विशेष वाटतं. पालकांकडून फी घेऊनच ती चालायची.

पुढच्याच वर्षी गावात बायकांनीही खासगी शाळा काढल्या. तिकडे जवळच्या बोल्डर गावात १८६० मध्ये खास शाळेसाठी इमारत बांधली गेली; कोलोरॅडोतली ती पहिली. डेन्व्हरमध्ये सार्वजनिक शाळा १८६२ च्या अखेरीस आली, तीही भाड्याच्या जागेतच. स्वतःची मोठी इमारत मिळायला १८७० चं दशक उजाडलं. तोवर गोल्ड्रिकमास्तर शाळा सोडून वर्तमानपत्रात रमले होते.